निवृत्त बाईचं वजन



आपल्या अंकाच्या संपादकीयात वजन हा विषय आलेला पाहून काहीजणींना नवल वाटेल. कंबरेच्या घेरावरून बाईची किंमत करणाऱ्या जाहिरातींशी, सौंदर्यस्पर्धांशी आणि ‘मुलगी अंगानं कशी आहे हो?’ असं विचारत येणाऱ्या स्थळांशी आपण इतकी वर्षं भांडत आलो. ते भांडण संपलेलं नाही. पण जाहिरातवाल्यांनी एखादा विषय पळवला म्हणून आपण तो कायमचा सोडून द्यावा, हेही मला पटत नाही. शरीर आपलं आहे. गुडघे आपले दुखतात, धाप आपल्याला लागते. त्याबद्दल आपल्या भाषेत बोलायला हवं.

हा विषय माझ्यापुढे आला तो धर्मापुरीत. बीड जिल्ह्यातलं, परळी-अंबाजोगाईच्या परिसरातलं हे जुनं गाव. केदारेश्वराच्या चालुक्यकाळातल्या देवळासाठी आणि किल्ल्यासाठी त्याचं नाव घेतलं जातं. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींची शिल्पं आहेत, एकेकीचा डौल पाहत राहावा अशी. (आमच्यातली एक आगाऊ मैत्रीण त्यांच्याकडे बघून म्हणाली, “यांचं बरंय. शेकडो वर्षं झाली, ना रिटायर झाल्या, ना सुटल्या!”) आम्ही बैठक बोलावली होती म्हातारपणच्या पैशांबद्दल बोलायला. पेन्शन, निराधार योजना, घरावर नाव वगैरे. आजूबाजूच्या गावांतूनही बायका आल्या होत्या. त्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या, एक निवृत्त नर्सबाई होत्या, दोन माजी अंगणवाडी सेविका होत्या, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या, आता ऊसतोडीला जात नसलेल्या पाच-सहाजणी होत्या.

पैशांचं बोलणं चाललं असताना एक शिक्षिका मधेच म्हणाल्या, “पेन्शनचं ठीक आहे हो. पण रिटायर झाल्यापासून दोन वर्षांत माझं वजन अकरा किलोनं वाढलंय, त्याचं काय करू?” हसू फुटलं. तेवढ्यात मागून एक आजी बोलल्या, “आमचं उलटंच हाय बघा. कोयता सुटला आन् अंगावरचं मासबी गेलं. चोळ्या ढिल्या झाल्या.” मग कुणी हसलं नाही. त्या दिवशी पैशांचा विषय अर्धाच राहिला.

एकाच गावातल्या, जवळजवळ एकाच वयाच्या या दोघी. काम थांबल्यावर एकीचं शरीर फुगतं, दुसरीचं झिजतं. डॉक्टर याला दोन वेगळे आजार म्हणतील. मला त्यात एकच गोष्ट दिसते: बाईच्या शरीराकडून काम घेतलं जातं तोवर त्याचा हिशेब ठेवला जातो, काम थांबलं की वही मिटते.

आधी शिक्षिकाबाईंचं पाहू. बत्तीस-तेहतीस वर्षं त्या पहाटे पाचला उठल्या. स्वयंपाक, डबे, मग एसटी नाहीतर वडापची जीप, पुढे शाळेपर्यंत पायी, दिवसभर वर्गात उभ्यानं, पोषण आहाराची खिचडी, जनगणना, निवडणूक, संध्याकाळी परत चूल. या धावपळीला कुणी व्यायाम म्हणत नाही, आणि तो व्यायाम म्हणून चांगला होता असंही मी म्हणणार नाही. त्यानं पाठ मोडते, लघवी दाबून ठेवावी लागते, जेवणाच्या वेळा चुकतात. पण शरीर हलतं राहत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका दिवशी हे सगळं थांबलं. शाल, श्रीफळ, साडी, आणि प्रत्येक वक्त्याच्या तोंडी एकच वाक्य: “बाईंनी आता आराम करावा.”

आराम म्हणजे काय, तर मुलाच्या पिंपरी-चिंचवडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नातवाला सांभाळणं. काम संपलं नाही, बसकं झालं. मूल झोपलं की हलायचं नाही, जागं असलं की दार उघडं टाकून जायचं नाही. त्याचं उरलेलं वरणभात, अर्धवट टाकलेलं बिस्कीट, रात्रीची शिळी पोळी, सगळं ‘वाया कशाला’ म्हणून आजीच्या पोटात. उरलंसुरलं संपवायचं हे आपल्या घरात बाईचं खातं आहे, आणि त्या खात्यातून निवृत्ती नसते. भर म्हणून उपास. नोकरीत असताना उपासाला धड खायला वेळ नसायचा. आता साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू निवांतपणे होतात आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण शब्दशः खरी होते.

हिशेब साधा आहे. रोज शंभर कॅलरी जादा, म्हणजे साधारण अर्धी-पाऊण भाकरी किंवा भरपूर साखरेचे दोन कप चहा. एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी साठतात, म्हणजे कागदावर वर्षाला चार किलोंच्या वर भर पडते. प्रत्यक्षात शरीर इतका काटेकोर जमाखर्च मांडत नाही. वजन वाढलं की ते वाहायचा खर्चही वाढतो आणि वाढ मंदावते. पण दिशा कळायला हा हिशेब पुरे. बाई जास्त खायला लागते असंही नेहमी नसतं. ताटात तेवढंच असतं, चालणं तेवढं जातं.

त्यातच वय. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. त्यानंतर स्नायू कमी होत जातात आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते. म्हणून काट्यावरचं वजन फारसं न बदलताही परकर घट्ट होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा १९९३ पासून अभ्यास केला. जन्मतः कमी वजनाच्या, काटकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगातही चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं, हे त्यातून पुढे आलं. आपण बारीक दिसत असतो आणि आतून लठ्ठ असतो. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ अलीकडे ओढलेली आहे: बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा; आणि बाईच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायचं. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज यांची वाट इथूनच जाते.

निवृत्ती आणि वजन यांचा संबंध परदेशात मोजला गेला आहे. नेदरलँड्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की अंगमेहनतीच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांचं वजन आणि कंबर, बैठ्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांपेक्षा जास्त वाढते. अभ्यास चांगला आहे, फक्त त्यात सगळे पुरुष होते. अमेरिकेत वयस्कांच्या एका मोठ्या पाहणीवरून २००८ साली पुरुष आणि बायका दोघांचा विचार झाला, तेव्हा चित्र पालटलं. पुरुषांमध्ये निवृत्तीचा वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. बायकांमध्ये दिसला. काम करत राहिलेल्या बायकांपेक्षा निवृत्त झालेल्या बायकांचं वजन वाढण्याची शक्यता जास्त होती, आणि ती विशेष करून कष्टाच्या कामातून निवृत्त झालेल्यांत आणि निवृत्तीच्या वेळी ज्यांचं वजन बेताचं होतं अशांत. म्हणजे ‘मूळचीच जाड होती’ असं म्हणून हात झटकायला जागा नाही.

असं का व्हावं? माझा अंदाज मी सांगते, पटतो का बघा. पुरुष निवृत्त झाला की त्याच्या हाती वेळ येतो. धर्मापुरीतही पाराजवळ, हॉटेलच्या बाकड्यावर, सकाळच्या रस्त्यावर निवृत्त गुरुजी भेटतात. मफलर गुंडाळून चौघं मिळून फिरायला जातात, त्यात राजकारण होतं, चहा होतो. त्यांच्या बरोबरीच्या बाई कुठे असतात? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. दोघांची दहा-नऊ मिनिटं कमी झाली, अंतर जिथल्या तिथे. निवृत्त बाईच्या वाट्याला आलेला वेळ घरातली बाकीची माणसं वाटून घेतात. “तुम्ही घरीच असता ना” हे वाक्य निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

आणि फिरायला जायचं तरी कुठे आणि कशाचं निमित्त करून? नोकरी हे बाईला घराबाहेर पडायचं निमित्त होतं, सगळ्यांना मान्य असलेलं. ते गेल्यावर पहाटे साडेपाचला रस्त्यावर दिसणाऱ्या बाईला विचारतात, “काय बाई, कुठं निघालात?” नुसतं चालायला, असं उत्तर देताना त्या शिक्षिकाबाईंनाही संकोच वाटत होता, जिनं आयुष्यभर पन्नास पोरांपुढे उभं राहून बोलण्याची नोकरी केली. साडी नेसून चालता येत नाही, पंजाबी ड्रेस घातला तर सून काय म्हणेल, बूट घातले तर गाव काय म्हणेल, कुत्री आहेत, ट्रॅक्टर अंगावर येतात. यातलं एकेक कारण क्षुल्लक आहे. सगळी मिळून बाई ओट्यावर बसते.

सरकारलाही ही बाई दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के बायकांचं वजन जादा आणि जवळजवळ १९ टक्क्यांचं कमी आढळलं. हे आकडे आपण भाषणांतून वापरतो. पण ते १५ ते ४९ वयाच्या बायकांचे आहेत. मूल होण्याचं वय संपलं की काटा उचलून ठेवतात. पंचेचाळीशीपुढच्यांसाठी देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये वेगळी पाहणी केली. तिच्यात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे चौथा हिस्सा वजनानं कमी आणि एक पंचमांशाहून जास्त वजनानं जादा निघाली. भिंतीला टेकून बसलेल्या आजी आणि पुढे खुर्चीवर बसलेल्या बाई, दोघी एकाच तक्त्यात आल्या.

आता त्या आजींकडे वळते. ऊसतोडीला निवृत्तीचं वय नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, उन्हाळा लागताना परतायचं. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, मग फडात, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत. हे शरीर थांबतं ते कधी? पाठ गेली की, गर्भाशय काढलं की, नाहीतर नवरा गेल्यावर अर्धा कोयता कुणी नेत नाही म्हणून. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्याचा आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यातल्या बऱ्याचजणी चाळिशीच्या आतबाहेरच्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्यानं होणारे बदल त्या दिवसापासूनच सुरू होतात. हाडं ठिसूळ होतात, स्नायू गळतात. हे सगळं होऊन बाई पुन्हा फडात जाते, आणि जेव्हा खरोखरच जाता येत नाही तेव्हा घरी बसते. तिला शाल-श्रीफळ कुणी देत नाही.

आजींचं मास का गेलं, याचं उत्तर डॉक्टरांकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात शोधावं. कमाई थांबली तसं ताटातलं पहिल्यांदा काय गेलं, असं मी विचारलं. “डाळ,” त्या म्हणाल्या. मग दूध. अंडं तर आधीही क्वचितच. राहिली भाकरी, तिखट आणि चहा. पिढ्यान्‌पिढ्या शेवटी जेवणाऱ्या बाईनं कमावणं थांबवलं की शेवटच्याही नंतर जेवायला लागते. दात पडलेले, त्यामुळे भाकरी चहात बुडवून. अशा शरीराचं वजन घटतं त्यात चरबीपेक्षा स्नायू जास्त जातो, आणि मग उठताना हात टेकावा लागतो, पाय घसरतो, खुबा मोडतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये मिळतात, तेही पासष्टी ओलांडल्यावर, कागद जमले तर. २०२३ पर्यंत हजारच होते. पंधराशे रुपयांत महिनाभराची डाळ, तेल, दूध आणि गोळ्या कशा बसवायच्या, ते बसवून दाखवावं असं आव्हान मी कुणाही अर्थमंत्र्यांना देते.

या दोघींच्या मधे अंगणवाडीच्या ताई बसल्या होत्या, अक्षरशः. त्यांचं मला फार लागलं. तीस वर्षं त्यांनी गावातल्या प्रत्येक लेकराला तराजूला टांगून वजन केलं, तक्त्यावर ठिपका लावला, हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांत कोण कुठे आहे ते मुंबईपर्यंत कळवलं. स्वतःचं वजन? “कधी केलंच नाही. तो काटा पोरांचा.” १९७५ साली ही योजना सुरू झाली तेव्हापासून त्यांना ‘मानसेवी’ म्हणतात. मान किती मिळाला ते त्याच जाणोत, पगार मात्र मानधनच राहिला. निदान ग्रॅच्युइटीवर त्यांचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. दरमहा पेन्शनसाठी त्यांना अजून मोर्चे काढावे लागतात. म्हणजे सवयी शिक्षिकाबाईंच्या आणि मिळकत आजींच्या जवळपास. त्यांच्यापैकी एकीचं वजन वाढलेलं, दुसरीचं कमी झालेलं होतं. दोघींना रक्तातली साखर निघाली होती.

पुढच्या काही वर्षांत हा प्रश्न मोठा होणार आहे, म्हणूनही मी तो आज मांडते आहे. १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं, सरकारी नोकऱ्यांत बायकांना तीस टक्के आरक्षण आलं. त्यासाठी आपल्यातल्या कितीतरी जणी झगडल्या. त्या वेळी विशी-पंचविशीत नोकरीला लागलेल्या मुली आता अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावर आहेत. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत, स्वतःच्या नावावर पेन्शन असलेली ही पहिलीच बाई. तिनं नोकरी कशी मिळवावी, टिकवावी, पगार नवऱ्याच्या हातात देऊ नये, हे सगळं आपण बोललो. ती सुटल्यावर तिनं कसं जगावं हे आपण बोललो नाही. (आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तर जुनी पेन्शनही नाही, २०२३ च्या मार्चमधल्या संपात बायका मोठ्या संख्येनं रस्त्यावर होत्या, ते उगाच नव्हे.)

मग करायचं काय? ‘भात सोडा, लिंबूपाणी प्या’ हे सांगायला शंभरजण बसलेत. मी काही व्यवहाराचं सांगते. आशाताईंकडे तीस वर्षांवरच्या प्रत्येकीसाठी एक फॉर्म असतो. त्यात कंबरेच्या घेराचा रकाना आहे आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. बऱ्याचदा तो नजरेनं भरला जातो, कारण टेप नसते, वेळ नसतो आणि आशाताईंना मोबदला तुटपुंजा. टेप लावायला सांगा. उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून मागा. तो उपकार नाही. वजन वाढलंय की घटतंय हे दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांत कारण नसताना पाच टक्के वजन घटलं तर तेही डॉक्टरांना दाखवण्याजोगं असतं. क्षयरोग आणि मधुमेह दोन्ही अशीच चाहूल देतात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम लागेलसं चालायला सांगते, आणि पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे, ताकदीचे व्यायामही. जड झालेल्या बाईला आणि झिजलेल्या बाईला, दोघींना ताकदीचा व्यायाम लागतो: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं. मात्र आजींना आधी डाळ, मग व्यायाम. रिकाम्या पोटी कवायत करून घेणारं शहाणपण आपल्याकडे पुष्कळ झालं.

आणि चालायला जागा हवी. ग्रामसभेत आपण दारूबंदीचा ठराव आणतो, तसा शाळेचं मैदान सकाळी सहा ते सात बायकांसाठी उघडं ठेवण्याचा ठराव का आणू नये? ‘बायकांनी काय कसरत करायची?’ असं कुणी विचारलं तर त्यांना पारावरच्या गुरुजींच्या मफलरीकडे बोट दाखवायचं.

धर्मापुरीत त्या संध्याकाळी एवढंच ठरलं की सोमवार-गुरुवार चौघी-चौघींनी केदारेश्वरापर्यंत चालत जायचं. देवळाला जाते म्हटलं की घरात कुणी अडवत नाही, ही युक्ती अंगणवाडीच्या ताईंची. शिक्षिकाबाई नातवाला आठवड्यातून दोन दिवस पाळणाघरात ठेवा असं मुलाला पत्रानं कळवणार होत्या. फोनवर म्हणवत नाही म्हणाल्या. आजींच्या डाळीचं मात्र चालण्यानं भागत नाही. त्यासाठी श्रावणबाळचे कागद घेऊन आमच्यातल्या दोघी येत्या महिन्यात तहसील कार्यालयात जात आहेत.

तुमच्या गावात काम थांबलेल्या बायकांचं काय होतं, ते आम्हाला लिहून कळवा. सोबत वजन आणि कंबर लिहिलीत तर उत्तम. नाव लिहायची गरज नाही. पुढच्या अंकात चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.